फायनलची जोड

“किती?” शालननं स्टोव्हवरून मान न वळवता विचारलं.

कोण जिंकलं, असं तिनं विचारलं नाही. तो प्रश्न आमच्या घरातून कधीच हद्दपार झाला होता.

“सहा,” मी म्हणालो.

“त्यात तुमचे?”

“चार.”

“बरं. पाय धुऊन या. भाकरी गार व्हायलीय.”

सेमीफायनल मारून आलेल्या माणसाचं स्वागत ते एवढंच. माझं डोकं फिरलं. म्हटलं, “आली असतीस तर डोळ्यांनी बघितलं असतंस. तिसरा गोल असा मारलाय डाव्या पायानं, की त्यांचा गोली जागचा हलला न्हाई.”

“आवं, मी येऊन बघू काय?” ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. “तुमी जिंकणार. आमटी झाली की वासावरनं कळती मला, सारखं झाकण काढून बघत न्हाई मी.”

मुकाट्यानं पाय धुवायला गेलो.

त्या वर्षांत मी, हिंदुराव इंगवले, वाघजाई तालमीचा सेंटर फॉरवर्ड होतो. कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला हे जरा उलगडून सांगावं लागतं. आमच्याकडं तालीम म्हणजे तांबड्या मातीचा हौदा, कोपऱ्यात मारुती, आणि त्याच तालमीची फुटबॉलची टीम. पोरगं ज्या गल्लीत जन्मलं, त्या गल्लीच्या तालमीकडनं खेळणार. आईबापासारखंच ते, बदलायचं नसतं. आणि आमच्या वाघजाईनं तेव्हा सगळ्या गावाला धुतलं होतं. दुसऱ्या टीमा मैदानात यायच्या त्या किती गोल खायचे एवढंच ठरवून यायच्या.

शालनचं माहेर चिंच गल्लीतलं. तिचा थोरला भाऊ संपत म्हणजे चिंच गल्ली तालमीचा कॅप्टन आणि गोली. लग्नाआधी मी त्याच्या जाळ्यात किती बॉल घातले याला गणती नाही. त्यामुळं आमच्या लग्नात कानपिळीची वेळ आली, तेव्हा संपतनं माझा कान असा काही पिळला, की भटजीसुद्धा मंत्र विसरले. सगळ्या गोलांचा बदला त्यानं त्या एका कानावर घेतला. तरीही मला तो आवडायचा. हरून हरून माणूस कडू होतो, संपत झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीत गेलो तर मगदूम शेठ आलेले. गूळ बाजारातले मोठे व्यापारी. आमच्या लाडोबा चषकाची ढाल आणि सगळा खर्च त्यांचा. समोर आप्पाजी वस्ताद मांडी घालून बसलेले. सत्तरी ओलांडलेले, तरी मान अजून लाकडाच्या ओंडक्यागत. वस्तादांचा सगळा जन्म कुस्तीत गेलेला. फुटबॉलमधलं त्यांना काही म्हणजे काही कळायचं नाही. गोल झाला, की शेजारच्याला विचारायचे, “ह्यो आपला का त्यांचा?” पण ही स्पर्धा त्यांनीच सुरू केलेली, आपल्या गुरूच्या, लाडोबा वस्तादांच्या नावानं. गावात लाडोबांचं नाव राहिलं होतं ते या चषकापुरतंच.

“वस्ताद, राग मानू नगा,” शेठ म्हणाले. “कालची गॅलरी बघितलासा न्हवं? भेळ विकणारे जास्त आणि खाणारे कमी. हाफ टाइमला तर ते बी गेले. मी ढाल कुणाला दाखवाय देतोय?”

शेठ उठले.

“आयतवारी फायनल हाय. गॅलरी भरली तर पुढं चालू ठेवू. न्हाई भरली तर यंदा लाडोबा चषकाला नारळ. मी बी थकलो.”

शेठ गेले. वस्ताद मारुतीकडं बघत बसले. त्यांचा चेहरा असा उतरलेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता. आम्ही पोरं हळूहळू भोवती गोळा झालो आणि ज्याला जे सुचेल ते बोलायला लागलो.

“टीव्हीनं घात केलाय, वस्ताद,” जालिंदर म्हणाला. जालिंदर आमचा गोली. मी आणि तो एकाच पाटीवर शिकलेलो.

“ऊन लई हाय,” दुसरा म्हणाला.

“क्रिकेट. क्रिकेटनं पोरं खुळी केलीत.”

वस्तादांनी हात वर केला. “खासबागेत कुस्त्या लागत्यात तवा ऊन नसतं काय रं? लोक कौलावर चढून बघत्यात. त्यांच्या घरात टीव्ही न्हाई?”

त्यांनी हौद्याकडं बोट केलं.

“कुस्तीला माणूस कवा येतो? जोड लागली की. दोघांचा हात बघायचा, मान बघायची, तोलाला तोल लावायचा. तोल न्हाई लागला तर गावच वरडतं, जोड न्हाई, जोड न्हाई. मग ती कुस्ती लावायचीच न्हाई.” वस्तादांनी एकेकाकडं बघितलं. “तुमच्या फुटबॉलात जोड कोण लावतं?”

आम्ही एकमेकांकडं बघितलं. असा प्रश्न आम्हाला आजवर कुणी विचारला नव्हता.

“कोण बी लावत न्हाई?” वस्ताद म्हणाले. “म्हंजे पैलवानाम्होरं दूधपितं पोरगं सोडताय, आणि वर माणसं येत न्हाईत म्हणून रडताय. सांजच्याला चिंच गल्लीला बोलावून आणा. सगळ्यांस्नी.”

फायनलला समोर चिंच गल्ली होती. चिठ्ठ्यांच्या नशिबानं ती बिचारी तिथवर आली होती, आणि नशीब तिथंच संपणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

संध्याकाळी चिंच गल्लीची टीम आली ती बिचकतच. आम्ही भांडण काढलंय असं त्यांना वाटलं असावं, कारण दोघातिघांनी चपला दाराबाहेर न काढता हातात धरल्या होत्या. वस्तादांनी दोन्ही टीमांना हौद्यात समोरासमोर उभं केलं. शर्ट काढायला लावले. आणि मग सुरू झालं ते आठवलं तरी अजून हसू येतं. वस्ताद जोडी जोडीनं पुढं येत, एकाची मान दाबून बघत, दुसऱ्याचं मनगट चाचपत, पंजात पंजा घालायला लावत. फुटबॉलच्या फायनलची जोड त्यांनी मानेवरून आणि मनगटावरून लावायला घेतली होती. हसू दाबून दाबून आमच्या पोटात दुखायला लागलं.

आता गंमत अशी, की चिंच गल्लीची पोरं गूळ बाजारात हमाली करायची. गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, उचलून उचलून त्यांचे दंड दगडासारखे झालेले. ओळ संपली तेव्हा वस्ताद गोंधळून गेले.

“जोड तर ह्यांचीच भारी हाय,” ते म्हणाले. “मग तुमी हरताय कशाला रं?”

संपतनं कान खाजवला. “वस्ताद, आमी हातानं न्हाई हरत. पायानं हरतोय.”

हौद्यात हशा पिकला. वस्ताद हसले नाहीत. ते खाली उकिडवे बसले, आणि बैलबाजारात माणूस खोंड बघतो तसे एकेकाच्या पोटऱ्या, घोटे, पावलं बघत परत पहिल्यापासून निघाले. माझ्यापाशी येऊन थांबले. माझी डावी पोटरी दोन्ही हातांनी दाबली. उजवी दाबली. मी छाती फुगवून उभा. आता शाबासकी मिळणार, याची मला खात्रीच होती.

“ह्यो पाय तिकडं पायजे,” वस्ताद म्हणाले.

कुणाला काही कळेना. मग हळूहळू कळलं, की फायनल मी चिंच गल्लीकडनं खेळायची.

“वस्ताद, चेष्टा करताय व्हय?” मी विचारलं.

“मी कवा केली?”

“आवं, पण मी वाघजाईचा. माझा बा वाघजाईचा. आणि एका वस्तादाचे पठ्ठे एकमेकाशी लढत न्हाईत, हे तुमीच शिकवलंय.”

“शिकवलंय,” वस्ताद उठत म्हणाले. “म्हणून सांगतो. आयतवार सरंस्तवर तू माझा पठ्ठा न्हाईस.”

तालमीत आलो, की ते आमच्या कपाळाला हौद्यातली माती लावायचे. त्या दिवशीचा माझा टिळा तसाच होता. तो त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसून काढला. एवढा मोठा बाप्या मी, पुसलेल्या कपाळावरनं परत परत हात फिरवत राहिलो.

संपतचा चेहरा माझ्याहून वाईट झाला होता. “वस्ताद, हे नगं. उसना माणूस घेऊन जिंकली म्हणतील चिंच गल्ली.”

“आदी जिंक तर खरं,” वस्ताद म्हणाले. “स्पर्धा आपली हाय, मगदूम शेठला मी सांगतो. जावा आता.”

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. आई उंबऱ्यात बसलेली. माझा बाप वाघजाईचा फुलबॅक. तो गेल्यावरसुद्धा आईनं एक मॅच चुकवली नव्हती. अलीकडंच तीही ‘गुडघं दुखत्यात’ म्हणून घरी राहायला लागली होती. खरं कारण गुडघे नव्हते हे मला तेव्हा कळलं नाही.

“जेवाय वाढीन,” ती म्हणाली. “आई हाय तुझी. पण आयतवारी गॅलरीत बसून तुझ्या नावानं शंख करणार, हे सांगून ठेवते.”

“आणि गुडघं?”

“गुडघ्यानं न्हाई वरडत मी.”

आत शालन तोंडाला पदर लावून उभी. खांदे हलत होते. रडतेय वाटून जवळ गेलो, तर हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं. “दादानं चिंच गल्लीचा हिरवा बनियन धाडलाय तुमास्नी,” ती म्हणाली. “घालून बघा. खांद्यात तंग व्हायचा.”

तिथून आयतवारपर्यंत आमच्या घरात दोन गल्ल्या झाल्या. आई भाकरी थापताना म्हणायची, “जालिंदर यंदा एक बी गोल खाणार न्हाई.” शालन कोथिंबीर निवडत म्हणायची, “आत्ती, यांनी मारला की कळंल.” मधे मी. आमटी दोघींपैकी जी रागावलेली असेल तिच्या हातची तिखट.

आणि गावाचं तर काय सांगू. सकाळी मिसळ खायला गेलो तर दोन म्हातारे हातघाईवर आलेले.

“हिंद्याबिगर वाघजाई म्हंजे मीठ नसलेलं मटण,” एक म्हणाला.

“आरं जा. दहाजणं काय हवा खात्यात? आणि चिंच गल्लीत हिंद्याला पास कोण देणार, गुळाचा रवा?”

न्हाव्याकडं तेच, चावडीवर तेच. वर्षानुवर्षं फुटबॉलचं नाव न काढलेली माणसं रस्त्यात मला अडवून विचारायची, “मर्दा, काय व्हईल रं?” आणि खरं सांगायचं तर मला ठाऊक नव्हतं. हे मला नवीन होतं. चिंच गल्लीबरोबर पहाटे सरावाला जायला लागलो तेव्हा तर धाबंच दणाणलं. मी डावीकडं पळालो की पास उजवीकडं. मी पुढं गेलो की बॉल मागं. पोरं मनानं सोन्यासारखी, पण माझ्याकडं बॉल द्यायचा म्हणजे देवाला नारळ द्यायचा अशा भक्तिभावानं हळूच द्यायची. तोवर वाटेत कुणीही तो काढून न्यावा.

“दाजी, चुकलं काय?” संपत दर वेळी विचारायचा.

“चुकलं न्हाई. पण जोरात दे की. मी काय काचेचा हाय?”

तिसऱ्या दिवशी थोडं जमायला लागलं. रव्यांची फेकाफेक करणारी पोरं ती, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात न बघता द्यायची सवय. म्हटलं, बाजारात रवा देता तसा बॉल द्या, माणसाकडं बघू नका, जागा बघा. आणि काय सांगू, पोरं खुलली.

शनिवारी जेवायला बसलो आणि घास उतरेना. ताट तसंच पुढं. शालन समोर येऊन बसली.

“भ्या वाटायलंय व्हय?”

“मला? कशाचं?”

“हरायचं.”

“गप बस.”

ती माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. लग्न झाल्यापासून मॅचच्या आदल्या दिवशी तिनं माझ्याकडं असं बघितलं नव्हतं. मग उठली, ट्रंकेतनं हिरवी साडी काढली आणि खुंटीवर टाकली.

“उद्या येणार हाय मी,” ती म्हणाली.

आयतवारी स्टेडियमच्या दारात पोचलो आणि आधी वाटलं, आत दुसरंच काही तरी आहे. हलगी, घुमकं, कैताळ, सगळं एकदम वाजतंय. गॅलरीत तीळ ठेवायला जागा नाही. भिंतीवर माणसं, पलीकडच्या झाडावर माणसं, मैदानाबाहेर लावलेल्या टेम्पोच्या टपावर माणसं. वाघजाईच्या भगव्या बाजूला आई दिसली, बायकांच्या घोळक्यात कमरेला पदर खोचून उभी. समोरच्या बाजूला शालन, चिंच गल्लीच्या सगळ्या लेकीसुना घेऊन. मगदूम शेठना स्वतःच्या स्पर्धेत बसायला जागा मिळाली नव्हती. ते एका भेळवाल्याच्या स्टुलावर अर्धे टेकले होते आणि तोंडभर हसत होते.

मी हिरव्या बनियनमध्ये आत आलो. निम्म्या गॅलरीनं माझ्या नावानं आरोळी ठोकली आणि निम्म्या गॅलरीनं शिव्या घातल्या. अंगावर असा काटा आला, की अजून दंडाला हात लावला की आठवतो.

पहिली काही मिनिटं मला काही सुचलंच नाही. अहो, समोरची दहा पोरं माझ्याबरोबर लहानाची मोठी झालेली. माझा डावा पाय कधी निघणार हे मला कळायच्या आत त्यांना कळत होतं. मी वळलो की तिथं कुणीतरी आधीच उभा, आणि वर दात काढून, “या इंगवले, बसा.” तेवढ्यात वाघजाईनं एक गोल ठोकला. संपतनं मान खाली घातली. भगवी बाजू पेटली. मी पळत मागं गेलो आणि संपतच्या पाठीत धपाटा घातला.

“दाजी, झालं बघा आपलं,” तो म्हणाला.

“कान पिळताना हुता तो जोर कुठं गेला रं?”

तो हसला. मग मी एक केलं. पुढच्या वेळी बॉल आला, दोघंतिघं माझ्या अंगावर धावून आले, आणि मी डावा पाय उचलला पण मारला नाही. बॉल सोडून दिला मागच्या पोराला. त्यानं गुळाचा रवा टाकावा तसा, न बघता, सरळ जाळ्यात घातला. एक एक. त्या पोरानं आयुष्यात पहिला गोल मारला होता. तो जागच्या जागी खाली बसला आणि रडायला लागला. त्याला उचलायला चारजण लागले.

हाफ टाइमला एक माणूस हलला नाही. भेळवाल्यांची भेळ तेवढी संपली.

दुसऱ्या हाफमध्ये मी मारला. जालिंदरच्या उजव्या हाताखालून, अगदी जमिनीलगत. तो बॉल तो कधीच अडवू शकायचा नाही, हे फक्त मला आणि त्यालाच ठाऊक होतं. हिरवी बाजू नाचायला लागली. आणि त्या सगळ्या गोंगाटातून मला एकच आवाज स्वच्छ ऐकू आला, “मुडद्या, आपल्याच घरावर दगड मारतोस व्हय रं?” आईचा.

मग वाघजाईनं बरोबरी केली. मग आणखी एक. तीन दोन. दोन्ही वेळा संपतनं अंग झोकून दिलं होतं, दोन्ही वेळा बॉल त्याच्या बोटांना लागून आत गेला. आजवर एवढे गोल खाल्ले, पण त्याच्या धडपडीला कुणी टाळ्या दिल्या नव्हत्या. त्या दिवशी भगव्या बाजूनंसुद्धा त्याला टाळ्या दिल्या.

मॅच संपत आली होती. पंच घड्याळ बघत होता. आमच्या मागच्या पोरानं जागा बघून लांब बॉल टाकला आणि मी सुटलो. दोघांना मागं टाकलं. पुढं फक्त जालिंदर. शाळेत माझ्याशेजारी बसलेला जालिंदर. हलगीवाल्याचा हात वरच राहिला. आणि कडेच्या खुर्चीवरनं, जन्मात ज्यांना आपला गोल कुठला ते कळलं नव्हतं ते आप्पाजी वस्ताद उभे राहिले.

“हिंद्या, मार,” ते ओरडले.

मी मारला. डाव्या पायानं, सगळा जीव एकवटून. जालिंदर चुकीच्या बाजूला पडला. बॉल पोलाला लागला. असा आवाज झाला, की गावाबाहेर ऐकू गेला असेल. बॉल उलटा माझ्या डोक्यावरनं मैदानात आला आणि पंचानं शिट्टी मारली.

आम्ही हरलो होतो. मी हरलो होतो. मी गुडघ्यांवर बसलो. आधी काही ऐकूच येईना, मग सगळं एकदम आलं. भगवी बाजू ओरडत होती, हिरवी बाजूही ओरडत होती, कोण जिंकलं आणि कोण हरलं हे आवाजावरनं कुणालाही सांगता आलं नसतं. जालिंदर येऊन माझ्या अंगावर पडला. त्याच्यावर संपत. मी रडत होतो आणि हसत होतो. हरल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं, आणि इतका आनंदही कधी झाला नव्हता. सहा सहा गोलांनी जिंकलेल्या सगळ्या मॅच एकीकडं ठेवा, ही एकीकडं.

आई गॅलरीतनं उतरून थेट मैदानात आली, दुखऱ्या गुडघ्यांनी. तिनं माझ्या पाठीत एक घातली. “पोलाला कशाला मारलास रं मेल्या? शंख करत हुते तुझ्या नावानं, पण तेवढा एक जायला पायजे हुता.” असं म्हणून पदरानं माझं तोंड पुसायला लागली. शालन मागं उभी होती. घसा बसला होता तिचा, बोलता येईना. नुसती माझ्याकडं बघत होती आणि तिचे डोळे असे चमकत होते, की मला चार गोल मारल्यावरही ते तसे कधी दिसले नव्हते.

मगदूम शेठ वस्तादांपाशी गेले. “वस्ताद, माझा शब्द मी मागं घेतो. चषक चालू.” मग जरा थांबून म्हणाले, “पण पुढच्या वर्षी काय? हिंद्या तर तुमच्याकडंच परत येणार.”

वस्तादांनी मला हाक मारली आणि जरा बाजूला नेलं.

“ये आता. आयतवार सरला,” ते म्हणाले.

माझ्या मनात चार दिवस सलत होतं ते मी विचारलं. “वस्ताद, मलाच का दिलासा? दुसरा कोण बी देता आला असता.”

वस्ताद मैदानाकडं बघत होते. “मी जन्मात कुस्ती हरलो न्हाई. ठाऊक हाय न्हवं?”

ते कुणाला ठाऊक नव्हतं? तालमीत गदा घेतलेला त्यांचा फोटो बघत आम्ही मोठे झालो.

“लाडोबा वस्ताद मला लई जपायचे. माझ्या तोलाचा कोण आला, की म्हणायचे, ह्येची मान दुखावलीया, ह्येला ताप हाय. हलकी पोरं म्होरं घालायचे. मी आपला चितपट करत सुटलो. गदा मिळाल्या, फेटं मिळालं. पण शेवट शेवट काय व्हायचं सांगू? माझी कुस्ती पुकारली, की खासबागेत माणसं उठायची आन् च्या प्यायला जायची.” त्यांनी घसा खाकरला. “गुरू हुतं, म्हणून कुणाला बोललो न्हाई. पर तुझ्या वक्ताला बी माणसं उठाय लागली, तवा मला बघवंना.”

एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे कुणी ऐकलं नव्हतं.

“चल,” ते म्हणाले. “घरी चल, वाघजाईत.”

“न्हाई वस्ताद,” मी म्हणालो.

“का रं?”

“मी हरलोय. तुमच्या पोरांस्नी हरवल्याबिगर मी येत न्हाई. पुढच्या वर्षी बी मी चिंच गल्लीकडनंच खेळणार.”

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण वस्तादांचं तोंड हळूहळू हसायला लागलं, मग मिशा, मग सगळं अंग. त्यांनी एका हातानं माझं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं जवळ आलेल्या जालिंदरचं, आणि आम्हाला ओढतच मैदानाच्या मधोमध नेलं. खासबागेत मोठी कुस्ती ठरली की दोन्ही पैलवानांना असंच हात धरून गावापुढं फिरवतात. वस्तादांनी आमचे हात वर केले आणि आम्हाला गॅलरीसमोरून फिरवायला सुरुवात केली.

“म्होरच्या वर्षाची जोड ठरली,” ते ओरडले. सत्तरीतला आवाज, पण शेवटच्या पायरीपर्यंत पोचला.

माणसं एव्हाना घरी निघाली होती. कुणी चपला शोधत होतं, कुणी पोरांना कडेवर घेत होतं. ती वळली. कोण जिंकणार यावर जिथं होती तिथंच भांडायला लागली, आणि भांडता भांडता, पायरी पायरीनं, सगळी गॅलरी परत खाली बसली.

वस्ताद चालता चालता थांबले. आमची मनगटं त्यांच्या हातात तशीच होती.

“बसली की रं माणसं,” ते म्हणाले.